सडा, झरा, पुळण: गावातल्या निसर्गस्थळाला कायद्याचं संरक्षण कसं मिळवायचं?

जांभाखडक

कोकणातल्या कातळसड्यांचं (जांभ्या कातळाच्या उघड्या पठारांचं) नुकसान जेसीबी येण्याच्या कितीतरी आधी कागदावर होऊन गेलेलं असतं. सातबारावर 'पोटखराब' (लागवडीबाहेरची जमीन), नकाशात 'पडीक', आणि मे महिन्यात पाहणीला आलेल्या माणसाला दिसतो तो नुसता तापलेला काळा दगड. मग तिथे चिरेखाण (जांभ्याचे चिरे काढण्याची खाण) येवो की कचराडेपो, गेलं काय असं विचारायलाही कुणी उरत नाही.

गेलं काय ते सांगतो. जांभा म्हणजे मूळच्या बेसाल्टमधली सिलिका लाखो वर्षांच्या पावसाने धुऊन गेल्यावर उरलेला लोह-अॅल्युमिनियमचा भरड, सच्छिद्र थर. वरचं कवच कडक, खाली पांढरट-गुलाबी चिकणमातीची शेडी. पाऊस जांभ्यातून मुरतो, शेडीवर अडतो आणि सड्याच्या कडेला झरा होऊन बाहेर पडतो. खालच्या वाडीची विहीर याच पाण्यावर चालते.

वर माती असलीच तर बोटभर. तिच्यात पावसाळ्याच्या तोंडाला दीपकाडीची पांढरी सुवासिक फुलं येतात (डिपकाडी कोंकणेन्स, फक्त कोकणपट्ट्यातली). मागून सीतेची आसवं, दवबिंदू आणि गेंद. सीतेची आसवं नि दवबिंदू या कीटकभक्षी वनस्पती आहेत, कारण या मातीत नत्र जवळजवळ नसतंच. सुट्या दगडांखाली हेमिडॅक्टिलस अल्बोफॅसिएटस ही जमिनीवर राहणारी छोटी पाल असते. रत्नागिरी-सिंधुदुर्गाच्या सड्यांबाहेर ती जवळपास सापडत नाही. गडग्यासाठी (दगडी कुंपणासाठी) सडाभर दगड वेचले की तिचं घर गेलं. झाड तुटलं नाही, खाण लागली नाही, तरीही.

या धाग्यात एवढंच ठरवूया: कुठल्या जागेला कुठला कायदा लागू पडतो आणि प्रस्तावात काय असलं की तो परत येत नाही. सडा, खाडी, किनारा, समुद्र सगळं चालेल.

सातबारा

पहिलं काम जमीन कुणाची ते बघणं. इथे चूक झाली की पुढची दोन वर्षं फुकट जातात.

गाव नमुना ७/१२ आणि ८अ घ्या. सड्यावर एकेका गटाला वीस-पंचवीस सहहिस्सेदार असतात, निम्मे मुंबईला, काही मयत आणि वारसनोंद झालेलीच नाही. फेरफार म्हणजे नमुना ६ बघितल्याशिवाय खरा खातेदार कळत नाही. सरकारी आणि गायरान जमिनीसाठी नमुना १-ब. देवस्थान इनाम असेल तर तेही तपासा. मग भूमी अभिलेख कार्यालयातून गटाचा मोजणी नकाशा. ऑनलाइन नकाशावर सीमा सरकलेली असू शकते, तो फक्त अंदाजासाठी.

पोटखराबाचे दोन वर्ग असतात. वर्ग 'अ' म्हणजे लागवडीला अयोग्य. वर्ग 'ब' म्हणजे रस्ता, पाणवठा, स्मशान अशा सार्वजनिक कामासाठी राखलेली. सड्यावरचं पावसाळी तळं गाव पिढ्यान्‌पिढ्या वापरत असेल आणि ते 'अ'मध्ये पडलेलं असेल, तर सार्वजनिक वापराची नोंद मागायला आधार आहे. गुरं पाण्याला जातात याचा पंचनामा आणि जुन्या लोकांचे जबाब जोडा.

ओहोटी

एक शंका. सरळ अभयारण्याची मागणी का करू नये? सगळ्यात कडक संरक्षण तेच ना?

गॅझेट

कडक आहे, पण खासगी जमिनीवर ते रुळत नाही. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ च्या कलम १८ खाली इरादा जाहीर झाला की जिल्हाधिकाऱ्यांनी हक्कांची चौकशी करायची आणि ते हक्क मान्य करायचे किंवा संपादन करायचे. सामायिक खातेदारांच्या जमिनीवर ही चौकशी किती लांबेल ते वरचा प्रतिसाद वाचून कळेलच. शिवाय रत्नागिरी जिल्ह्यात वनखात्याची स्वतःची जमीन फारच थोडी.

जागेला शोभणारे पर्याय असे.

जमीन सरकारी, आणि विशेषतः एखाद्या अभयारण्याला लागून किंवा दोन संरक्षित क्षेत्रांना जोडणारी असेल तर संवर्धन राखीव, कलम ३६क. तिलारी हे याचं चांगलं उदाहरण: २०२० साली जाहीर झालं, २९.५३ चौ. किमी.

जमीन खासगी किंवा गावकीची आणि मालक स्वतःहून तयार असतील तर समुदाय राखीव, कलम ३६ग. हा रस्ता लोक विसरतात. यात मालकी जात नाही. पण एकदा अधिसूचना निघाली की व्यवस्थापन समितीचा ठराव आणि शासनाची मान्यता असल्याशिवाय जमिनीचा वापर बदलता येत नाही. आणि कलम ३० व ३२ लागू होतात: आग लावायला बंदी, वन्यजीवांना इजा होईल अशी रसायनं नि स्फोटकं वापरायला बंदी. सड्याच्या बाबतीत स्फोटकांची बंदी फार मोलाची. कातळात आंब्याच्या कलमांसाठी खड्डे सुरुंगाने काढले जातात तेव्हा फुटतं ते खाली खोलवर, आणि झऱ्याची वाट बदलते.

तिसरा पर्याय जैविक विविधता अधिनियम २००२, कलम ३७: जैवविविधता वारसा स्थळ. जमीन कुणाचीही चालते, क्षेत्र लहान चालतं. आंबोलीला हिरण्यकेशीच्या उगमाजवळ शिस्टुरा हिरण्यकेशी हा मासा सापडतो, तिथलं वारसा स्थळ जेमतेम २.११ हेक्टर आहे. दोडामार्ग तालुक्यात बांबर्डे इथली जंगली जायफळाची दलदलही अशीच छोटी.

जांभाखडक

वारसा स्थळाबद्दल थोडं वेगळं मत. त्या कलमात बंदीची यादीच नाही. अधिसूचना निघाली, फलक लागला, आणि शेजारच्या गटात चिरेखाण सुरू, असं होऊ शकतं. २०२३ च्या दुरुस्तीनंतर या कायद्यातला तुरुंगवासही गेला, आर्थिक दंड राहिला. सगळं बळ व्यवस्थापन आराखड्यात असतं. आराखडा दोन पानी आणि 'जनजागृती करणे' छापाचा असेल तर संरक्षण शून्य.

गॅझेट

आराखड्याबद्दल पूर्ण सहमत. पण त्याच कलमात एक गोष्ट आहे जी गावाला आधार देते: अधिसूचनेमुळे कुणाचं आर्थिक नुकसान झालं तर भरपाई किंवा पुनर्वसनाची योजना शासनाने करायची आहे. खातेदारांशी बोलताना हे आधी सांगा. लोकांचा विरोध फुलांना नसतो, जमीन अडकण्याच्या भीतीला असतो.

क्रम असा ठेवता येतो. ग्रामपंचायतीची जैवविविधता व्यवस्थापन समिती (कलम ४१) कागदावर असतेच, तिची बैठक खरोखर घ्यायला लावा. लोकजैवविविधता नोंदवहीत ही जागा गट क्रमांकासह यायला हवी. मग ग्रामसभेचा ठराव, मग नागपूरला राज्य जैवविविधता मंडळाकडे प्रस्ताव. दरम्यान तयार असलेल्या मालकांचे गट वेगळे काढून त्यांचा समुदाय राखीवचा अर्ज वनखात्याकडे. दोन्ही एकमेकांच्या आड येत नाहीत.

पाणाड्या

नोंदी कशा घ्यायच्या यावर लिहितो, कारण प्रस्ताव परत येतात ते बहुतेक इथेच.

एका फेरीत सडा कळत नाही. जूनच्या उत्तरार्धात दीपकाडी, जुलैअखेर तळ्यांतल्या वनस्पती नि बेडूक, सप्टेंबरात गेंद नि सीतेची आसवं, नोव्हेंबरात गवतं. पाचवी फेरी भर उन्हाळ्यात, पण ती झऱ्यासाठी आणि सुट्या दगडांखालच्या जीवांसाठी. फक्त ऑगस्टमध्ये गेलात तर दीपकाडी बहुधा हुकणारच, आणि नेमकी तीच प्रस्तावातली सगळ्यात बोलकी नोंद.

चौकट १ मीटर × १ मीटरची, अर्ध्या इंची पीव्हीसी पाइपाची, कोपऱ्यांना एल्बो, न चिकटवता. सुटी करून पिशवीत मावते. एका सड्यावर किमान चार प्रकारच्या जागा असतात: उघडा कातळ, भेगा, पातळ मातीचे पट्टे आणि पाणी साचणारे खळगे. प्रत्येक प्रकारात दहा तरी चौकटी टाका. सगळ्या चौकटी फुलं दाट असलेल्या जागी टाकल्या तर तज्ज्ञ समितीतला वनस्पतिशास्त्रज्ञ पहिल्याच पानावर ओळखतो. फोटोत पट्टी हवी, जीपीएस वाचन हवं, तारीख हवी.

दगड उलटून पाहिला तर तोच दगड त्याच जागी, तीच बाजू खाली करून ठेवा. खालची ओल गेली की आतले जीव परतत नाहीत. दुर्मीळ कंद नि पालींची नेमकी ठिकाणं जाहीर संकेतस्थळांवर टाकू नका. आयनॅचरलिस्टवर (निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर) ठिकाण झाकण्याची सोय आहे, ती वापरा. प्रस्तावातही ती यादी वेगळ्या, गोपनीय जोडपत्रात द्या.

आता झरा. याची नोंद जवळपास कुणी करत नाही आणि महसूल अधिकाऱ्याला सगळ्यात लवकर पटते ती हीच. दहा लिटरची बादली, मोबाइलचं घड्याळ. धार पूर्ण बादलीत पडेल असा पन्हाळ लावा, तीन वेळा मोजा, सरासरी घ्या. बादली ४० सेकंदांत भरली तर मिनिटाला १५ लिटर. ऑक्टोबर ते मे, दर पंधरा दिवसांनी, त्याच ठिकाणी, सकाळी. उपसा सुरू असताना मोजलं तर आकडा निरुपयोगी. सोबत त्या झऱ्यावर किती घरं आहेत ते लिहा. उद्या खाण आली आणि धार कमी झाली तर आधीचा आकडा हाच पुरावा.

आणि सीमा आखताना केवळ फुलांचं पठार घेऊ नका. पाणी ज्या उतारावरून खळग्यांत येतं तो भाग आणि कडेचा झरा दोन्ही सीमेत हवेत. रस्त्याच्या गटाराने वरचं पाणी वळवलं की 'संरक्षित' खळगा एकाच पावसाळ्यात कोरडा पडतो.

रानसय

झऱ्याच्या नोंदीसाठी +१. चिरेखाणीबद्दल कुणी सांगेल का? परवानगी मिळाल्यावर ओरडून उपयोग होत नाही.

सातबारा

बरोबर, आधीच गाठायचं. जांभा हे गौण खनिज. ५ हेक्टरपेक्षा लहान खाणीलाही पर्यावरण मंजुरी लागते, सर्वोच्च न्यायालयाच्या २०१२ च्या आदेशापासून. तुकडे पाडून शेजारशेजारच्या गटांत अर्ज केले असतील तर तेही दाखवून द्या, कारण एकत्रित परिणाम बघायचा असतो.

त्याहून महत्त्वाचा जिल्हा सर्वेक्षण अहवाल. कुठल्या तालुक्यात कुठलं खनिज काढता येईल याची ती मूळ यादी. मसुदा २१ दिवस जिल्ह्याच्या संकेतस्थळावर नि जिल्हाधिकारी कार्यालयात हरकतींसाठी ठेवायचा असतो. त्या २१ दिवसांत गट क्रमांक, झऱ्याचे आकडे आणि प्रजातींची यादी जोडून लेखी हरकत द्या, पोच घ्या. 'आमच्या गावात खाण नको' एवढंच लिहिलेली हरकत एका ओळीत निकाली निघते.

बेकायदा उत्खनन दिसलं तर तहसीलदारांकडे. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ४८(७) खाली बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड करता येतो. तक्रारीत खड्ड्याची लांबी, रुंदी, खोली मीटरमध्ये लिहा. दंड ब्रासवर (१०० घनफूट) निघतो आणि मोजमाप दिलं की पंचनाम्याला बगल देता येत नाही. कारवाई झाली की नाही ते माहितीच्या अधिकारात विचारा, दहा रुपयांचा अर्ज, ३० दिवसांची मुदत.

मोडीपत्र

सड्यावर कातळशिल्पं असतील तर? २०२२ मध्ये कोकणातली कातळशिल्पं युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. उक्षी, जांभरुण, कशेळी, रुंढ्ये तळी, देवीहसोळ, बारसू, देवाचे गोठणे, कुडोपी आणि गोव्यातलं फणसायमाळ. मग त्याने सडा वाचतो का?

गॅझेट

संभाव्य यादी म्हणजे देशाने 'पुढे नामांकन करू' असं कळवणं. कायद्याचं संरक्षण त्यातून मिळत नाही. ते पुरातत्त्व कायद्याखालच्या अधिसूचनेने मिळतं. आणि १०० मीटर बंदी, त्यापुढे २०० मीटर नियंत्रण, हा नियम केंद्रीय संरक्षित स्मारकांचा आहे. राज्य संरक्षित स्मारकाला तो लावून पत्र लिहिलं तर उत्तर नकारार्थी येतं आणि अकारण तोंडघशी पडायला होतं.

भूशास्त्रीय स्थळांचंही तसंच. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण 'राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारक' जाहीर करतं, मानाचं आहे, पण त्या घोषणेमागे स्वतंत्र कायदा नाही. भूवारसा स्थळांसाठीच्या विधेयकाचा मसुदा डिसेंबर २०२२ मध्ये लोकांसमोर ठेवला गेला होता, पण मसुद्यावर कुणाला अडवता येत नाही. लोणार बघा. ते भूवैज्ञानिक स्मारक आहे, पण त्याला धरून ठेवणारं बळ अभयारण्याच्या अधिसूचनेचं आहे. २०२० पासून ते रामसर स्थळही (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) आहे. खडकाला कायदा नसेल तर तिथल्या जीवांचा, पाण्याचा किंवा शिल्पांचा कायदा धरून खडक वाचवायचा, सध्या तरी हाच मार्ग.

ओहोटी

किनाऱ्याकडे येऊ. २०१९ च्या किनारा नियमन क्षेत्र अधिसूचनेत कांदळवन, प्रवाळ, वाळूचे डोंगर, चिखलाणी, कासवांच्या विणीच्या जागा या सगळ्या सीआरझेड-१अ (सगळ्यात संवेदनशील वर्ग) मध्ये येतात. अडचण अशी की विणीची पुळण (वाळूचा किनारा) त्या नकाशावर रंगवलेली असायला हवी. घरट्यांची तारीखवार नोंदवही नसेल तर ती पुळण नकाशात साध्या किनाऱ्याच्या रंगात जाते, आणि मग घनदाट वस्तीच्या ग्रामीण भागात (२०११ च्या जनगणनेनुसार चौ. किमीला २,१६१ पेक्षा जास्त माणसं) बांधकामबंदीची पट्टी भरतीरेषेपासून ५० मीटरच उरते. विरळ वस्तीत ती २०० मीटर आहे.

ऑलिव्ह रिडले साधारण नोव्हेंबर ते मार्च येते, एका घरट्यात १०० ते १२० अंडी. जमेल तिथे घरटं जागेवरच ठेवा, भोवती जाळी लावा. भरतीच्या पाण्यात जाणार असेल किंवा कोल्ही-कुत्र्यांपासून वाचणं अशक्य असेल तरच हलवा, तेही घातल्यापासून दोन-तीन तासांच्या आत. नंतर गर्भ कवचाच्या वरच्या बाजूला चिकटतो, अंडं फिरलं की तो मरतो. म्हणून उचलताना वरची बाजू वरच. नवा खड्डा सुमारे ४५ सेंमी खोल, तळाशी रुंद, तोंडाशी अरुंद, दोन घरट्यांत एक मीटर अंतर. उबवणीची जागा दरवर्षी बदला, जुन्या वाळूत बुरशी नि जंतू साठतात. पिल्लं ४५ ते ६० दिवसांत येतात, आणि वाळूच्या तापमानावर नर-मादी ठरतं. गरम वाळूत माद्या जास्त. त्यामुळे हॅचरी पूर्ण उन्हात ठेवली तर पिल्लं भरपूर दिसतात, पण बहुतेक माद्याच.

दोन गोष्टींनी फार जीव जळतो. पर्यटकांच्या वेळेसाठी पिल्लं टोपलीत तासन्‌तास अडवून ठेवणं, कारण पहिल्या काही तासांतली पोहण्याची ताकद तिथेच संपते. आणि पुळणीवर सुरूची लागवड. मुळं वाळू बांधतात, मादीला खणता येत नाही.

रानसय

लागवडीवरून आठवलं, सड्यावरची वृक्षलागवडही तितकीच घातक. बाहेरून माती आणून टाकली की खळगे भरतात, तण येतं, नत्र वाढतं आणि दवबिंदूसारख्या गरीब मातीतल्या वनस्पती हटतात. कुंपणाचंही जपून. चराई पूर्ण थांबली तर उंच गवत माजतं आणि बुटक्या वनस्पतींना ऊन मिळत नाही. साताऱ्याजवळच्या कास पठारावर लोखंडी जाळीचं कुंपण घातलं गेलं होतं, ते पुढे काढलं गेलं. तिथे दिवसाला ३,००० माणसांची मर्यादा ठेवली आहे, गर्दीवर तोच उपाय जास्त उपयोगी. आराखड्यात गुरांची संख्या आणि महिने लिहा, 'चराईबंदी' नको.

निळी_रेघ

समुद्राचं थोडक्यात, कारण तिथे गावाच्या हातात कमी असतं. मालवण सागरी अभयारण्य १९८७ चं, २९.१२ चौ. किमी, गाभा जेमतेम ३.१८. मच्छीमारांशी न बोलता रेघ ओढली की काय होतं ते तिथल्या दीर्घ विरोधातून शिकावं. त्यापेक्षा सिंधुदुर्गात पुढे आलेला चौकोनी आसाचा (जाळ्याच्या भोकाचा) खोळा, म्हणजे जाळ्याच्या टोकाची पिशवी, पाहा. ट्रॉल जाळ्याच्या टोकाला नेहमीचा शंकरपाळ्यासारखा आस असतो. ओढ बसली की तो मिटतो आणि बोटाएवढी पिल्लंही अडकतात. ४० मिमीचा चौकोनी आस ताणातही उघडा राहतो, पिल्लू निसटतं. जाळं तेच, फक्त टोक बदलायचं, त्यामुळे खर्चही आवाक्यात.

किनाऱ्यापासून १२ सागरी मैल राज्याचे. तिथे १ जून ते ३१ जुलै यांत्रिकी नौकांना बंदी. एलईडी दिवे लावून मासेमारी आणि दोन बोटींनी एक जाळं ओढणं हे त्यापलीकडच्या आर्थिक क्षेत्रातही केंद्राने नोव्हेंबर २०१७ पासून बंद केलं आहे. तक्रारीत नौकेचा नोंदणी क्रमांक, वेळ आणि जीपीएस वाचन तिन्ही हवं, नुसता लांबून काढलेला उजेडाचा फोटो टिकत नाही.

आणि हे प्रत्येक बंदरावर माहीत असावं: जाळ्यात कासव, देवमासा किंवा बहिरी (व्हेल शार्क) सापडली आणि जाळं कापून सोडली, तर नुकसानभरपाई २५,००० रुपयांपर्यंत मिळते. योजना डिसेंबर २०१८ पासूनची, कांदळवन कक्षाची. सोडतानाचा व्हिडिओ आणि कापलेल्या जाळ्याचा फोटो लागतो. जाळं दुरुस्त करून झाल्यावर अर्ज केला तर काही हाती लागत नाही.

मोडीपत्र

ग्रामसभेच्या ठरावाची भाषा कुणी देईल का? आमच्याकडे 'सड्याचे संवर्धन व्हावे असे सर्वानुमते ठरले' एवढ्यावरच थांबतात.

सातबारा

असा मसुदा घ्या आणि मोकळ्या जागा भरा:

'मौजे ___, ता. ___ येथील गट क्र. ___, एकूण क्षेत्र ___ हे. ___ आर, चतुःसीमा पूर्वेस ___, पश्चिमेस ___, दक्षिणेस ___, उत्तरेस ___, हे क्षेत्र जैविक विविधता अधिनियम २००२, कलम ३७ अन्वये जैवविविधता वारसा स्थळ म्हणून घोषित करण्यासाठी राज्य जैवविविधता मंडळाकडे शिफारस करण्यात येत आहे. सदर क्षेत्रातील गवत कापणी, ___ ते ___ या महिन्यांतील चराई, पाणवठ्याचा वापर व देवकार्य पूर्ववत चालू राहील. सुरुंग, उत्खनन, बाहेरील मातीचा भराव, सुटे दगड उचलणे व वणवा लावणे यांस प्रतिबंध असावा.'

गणपूर्ती मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० माणसं, यांतलं जे कमी असेल ते. सभेची नोटीस किमान सात दिवस आधी, आणि विषयपत्रिकेत हा विषय स्वतंत्र हवा. 'आयत्या वेळचे विषय' यात घेतलेला ठराव पहिल्या हरकतीत पडतो. सूचक-अनुमोदकांची नावं, हजेरीपटाची प्रत, मोजणी नकाशा, पाच फेऱ्यांच्या नोंदी आणि झऱ्याचा तक्ता जोडा. एक प्रत मंडळाला, एक जिल्हाधिकाऱ्यांना, एक उपवनसंरक्षकांना, आणि खनिकर्म अधिकाऱ्यांनाही एक द्या, म्हणजे त्या गटाचा अर्ज पुढे आला की ठराव त्यांच्या फाइलमध्ये आधीपासून असेल.

जांभाखडक

विहिरीवरच्या कुटुंबांच्या सह्यांचं वेगळं पानही लावा, घर क्रमांकासह.